बेगमीच्या यादीत मोत्याचेही नाव

चैत्र सरला की आपल्या गच्च्यांवर कुरडया-पापडांची वाळवणे पडतात. तिखट-मसाले कुटून होतात, डाळींना ऊन दाखवून त्या डब्यांत जातात, चिंच मीठ लावून बरणीत बसते. पावसाळ्यात बाजार महागतो, कधी वाटाच बंद होतात, म्हणून चार महिन्यांची बेगमी आधी करून ठेवायची, ही आपल्या आज्या-पणज्यांची शिकवण. आता कोपऱ्यावर दुकान आहे, फोन केला की सामान दारात येते. तरीही आपण गृहिणी थोडीफार बेगमी करतोच. हात स्वस्थ बसत नाहीत ना!

पण भगिनींनो, आपल्या या यादीत घरातल्या एका सभासदाचे नाव बहुधा नसते. तो कुत्रा असेल, मांजर असेल, पिंजऱ्यातली पाखरे असतील, नाहीतर मुलांच्या हट्टापायी आणलेले मासे असतील. एरवी त्याचे खाणे संपले की आणायचे, औषध संपले की आणायचे, असा आपला खाक्या. पण ज्या दिवशी आणायला जाताच येत नाही त्या दिवसाचे काय? माणूस चहा-पोळीवर एखादा दिवस काढील, शेजारी हात पसरील. मुक्या जिवाला तेही करता येत नाही.

पुराने काय दाखवले

मी सांगलीत राहते. कृष्णेचा पूर आम्हांला नवा नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेच पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. भर बाजारपेठेत होड्या फिरल्या. वीज नाही, नळाला पाणी नाही, दूध नाही. पाणी ओसरायला आठवडा गेला आणि दुकानांतला चिखल निघून माल पुन्हा फळीवर यायला आणखी बरेच दिवस लागले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्याच सुमारास, २२ जुलैला, तिकडे चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी बघता बघता घराघरांत शिरले. तिथे तर लोकांना उंबऱ्यातल्या वस्तू उचलायलाही उसंत मिळाली नाही.

अर्धवेळ शिक्षिका म्हणून मी ज्या शाळेत जाते, तिथल्या वर्गांत २०१९ साली पूरग्रस्त कुटुंबे उतरली होती. आम्ही शिक्षिका जमेल तेवढी मदत करत होतो. त्या दिवसांत एक गोष्ट मला फार जाणवली. बाहेर पडायला उशीर झालेल्या घरांपैकी काहींचा पाय दागिन्यांत अडकला नव्हता की टीव्हीत अडकला नव्हता. तो जनावरात अडकला होता. खेड्यांतून तर गोठ्यातली गुरे सोडून निघायला माणसे तयारच होईनात. शहरातली एक बाई मला म्हणाली, “बाई, कुत्रा नाही तर धाकटी होडीत पाय ठेवीना, आणि धाकटी नाही तर मी कशी येऊ?”

बघा, प्रश्न कुत्र्याचा नव्हताच. प्रश्न अख्ख्या कुटुंबाचा होता.

परदेशातही हेच घडले आहे. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हा पाळीव प्राण्यांना सोडून येणार नाही म्हणून कितीतरी लोक घरातच थांबले. त्यातून धडा घेऊन २००६ साली तिथे कायदाच झाला: आपत्तीत माणसांना हलवण्याच्या योजनेत त्यांच्या पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे. आपल्याकडे अशी सोय होईल तेव्हा होवो. आपल्या घरापुरती योजना तर आपल्याच हातात आहे!

आणि संकट म्हणजे फक्त पूर नव्हे, बरं का. २४ मार्च २०२० ची रात्र आठवा. आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सारा देश बंद! किराणा, दूध, जनावरांचा चारा यांना मोकळीक होती खरी. पण कुत्र्या-मांजरांचे तयार खाद्य ठेवणारे दुकान प्रत्येक गावात कुठे असते? ज्यांच्याकडे आठ दिवसांचे खाणे शिल्लक होते त्यांनी शांतपणे दुसरी सोय पाहिली. बाकीच्यांची धावपळ झाली.

“माणसांचे पडलेय कुणाला?”

हे वाचून एखाद्या घरात सासूबाई म्हणतील, “इथे माणसांची भ्रांत, आणि ही कुत्र्याची बेगमी करतेय!” त्यांचे अगदी चूक नाही. आधी लेकरे, म्हातारी माणसे, आजारी माणसे. मग बाकी सगळे. त्यात दुमत नाही.

पण त्यांना एवढेच सांगा: तयारी नसली, तर प्राणी माणसांच्याच वाट्यातले घेतो. तो उपाशी भुंकतो, ओरडतो. मग मुले आपल्या ताटातली पोळी त्याला घालतात, पिण्याचे मोजके पाणी त्याच्या भांड्यात जाते, आणि घरातला कर्ता माणूस कमरेएवढ्या पाण्यातून त्याचे खाणे शोधायला निघतो. तयारी असली तर यातले काहीच होत नाही. म्हणजे मोत्याचा डबा हा मोत्यापुरता नाही. तो तुमच्या घराच्या सुरक्षिततेचा एक भाग आहे. एवढी गोष्ट पटली की पुढची कामे सोपी आहेत.

किती ठेवायचे?

दोन आठवड्यांचा हिशेब धरा. एक आठवडा संकटाचा आणि एक आठवडा बाजार सुरळीत होण्याचा.

दहा-बारा किलो वजनाचा मध्यम कुत्रा कोरडे तयार खाद्य दिवसाला साधारण २०० ग्रॅम खातो. म्हणजे दोन आठवड्यांना ३ किलो पुरे. चार किलोच्या मांजराला दिवसाला ५०-६० ग्रॅम लागते. तिला किलोभर पुष्कळ. पाकिटावर वजनाप्रमाणे तक्ता छापलेला असतो, तो एकदा नीट वाचा.

हे सारे एकदम आणायची गरज नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे! माघापासून दर महिन्याला नेहमीच्या सामानाबरोबर अर्धा-पाऊण किलो जास्त घ्यायचे. मृग लागायच्या आत डबा आपोआप भरतो आणि महिन्याच्या खर्चालाही झळ लागत नाही. मात्र दुकानातली सगळी पाकिटे उचलून आणणे म्हणजे बेगमी नव्हे, ती साठेबाजी. दुसरीच्या घरीही मोत्या आहेच की!

पाण्याचा हिशेब असा: कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला ५०-६० मिलिलिटर पाणी लागते. दहा किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटर ते सहाशे मिलिलिटर; पण उकाडा आणि सांडलवंड धरून लिटरभर मोजा. मांजराला पाव लिटर पुरते. हे पाणी माणसांच्या पाण्याखेरीज वेगळे भरून ठेवा. पुराचे पाणी प्राण्यांनाही पिऊ देऊ नका. आपण उकळून प्यायचे तेच त्यांनाही द्यायचे.

टिकवायचे कसे?

पावसाळी हवेत कोरडे खाद्य सादळते, आणि सादळले की त्याला बुरशी धरते. ती बुरशी विषारी असू शकते. तिने कुत्र्याचे यकृत बिघडते. म्हणून खाद्य डब्यात ओतून टाकू नका. मूळ पिशवीसकट ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. पिशवीचा आतला थर खाद्य टिकवण्यासाठीच असतो, शिवाय मुदतीची तारीख डोळ्यांसमोर राहते. पिशवी एकदा फोडली की महिना-दीड महिन्यात संपवावी. त्यामुळे एका मोठ्या पिशवीपेक्षा लहान लहान तीन-चार पिशव्या बऱ्या.

आणि हो, बेगमीचा डबा म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे, की हात लावायचा नाही! जुने आधी वापरायचे, नवे मागे ठेवायचे. तांदळाचे आपण करतो तेच. डबा जमिनीवर नको, माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवा. पाणी घरात शिरले तर तळातले डबे पहिल्यांदा जातात.

घरच्या अन्नावर वाढणाऱ्यांसाठी

आपल्याकडची कितीतरी कुत्री भाकरी-भातावर वाढलेली असतात. त्यांच्यासाठी वेगळे काय ठेवायचे? तांदूळ, मूगडाळ, नाचणीचे पीठ जास्तीचे ठेवा. मऊ भात-डाळ, त्यात उकडलेले अंडे किंवा दही घातले की कुत्र्याचे पोट भरते. मीठ अगदी बेताचे, तिखट-मसाला अजिबात नको. आणि फोडणीतला कांदा-लसूण तर कटाक्षाने टाळा. त्याने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात. द्राक्षे, मनुका, बेदाणे, चॉकलेट हेही त्यांना विषच. पुरात मदत म्हणून येणाऱ्या बिस्किटांच्या पुड्यांत चॉकलेटची बिस्किटे, मनुकांचे केक असतात. ते मुलांच्या हातून मोत्याच्या तोंडात जाणार नाहीत इकडे लक्ष ठेवा.

मांजराचे मात्र निराळे आहे. ती मुळातच मांसाहारी. दूध-पोळीवर तिचे पोषण होत नाही, आणि मोठ्या मांजरांना दूध बाधतेही. तिच्यासाठी तयार खाद्य किंवा ओल्या खाद्याची बंद पाकिटे ठेवा. ही पाकिटे बरेच महिने टिकतात आणि शिजवायची भानगड नसते. चालत असेल त्या घरी मीठ न लावलेला सुका जवळाही थोडा ठेवता येईल. एक गोष्ट विसरू नका: घाबरलेली मांजर खाणे सोडते, आणि दोन-तीन दिवस काहीच न खाल्ल्यास तिच्या यकृताला धोका पोचतो. म्हणून तिच्या आवडीचे, वासाचे असे एखादे पाकीट खास अशा वेळेसाठी राखून ठेवावे.

आणखी एक. नेहमीचे खाणे एकदम बदलले की प्राण्याचे पोट बिघडते. पुरात जुलाब लागलेला कुत्रा सांभाळणे म्हणजे काय, याची कल्पना करा! तेव्हा जे ठेवाल ते त्याला आधीपासून अधूनमधून देऊन सवयीचे करा.

औषधाचा डबा

नेहमीची औषधे चालू असतील तर ती दोन आठवड्यांची जास्त मागून घ्या. पशुवैद्यांना कारण सांगितले की ते लिहून देतात. त्याशिवाय कापूस, जाळीच्या पट्ट्या, जखम धुवायचे आयोडीनचे औषध, एक बोथट कात्री, गोचीड-पिसवांचे औषध आणि रबरी हातमोजे एका डब्यात घाला. गोचिडांचे कुत्र्याचे औषध मांजराला लावू नका. त्यातली काही तिच्या जिवावर बेततात.

माणसांच्या गोळ्या प्राण्यांना देऊ नका, हे तर दारावर लिहून ठेवावे असे वाक्य आहे. आपल्या घरात तापासाठी सर्रास असणारी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा प्राण घेऊ शकते. कुत्र्याचे अंग हाताला गरम लागते म्हणून पुष्कळ जणी घाबरतात. पण त्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्याला जो ताप, ती त्याची नेहमीची ऊब!

लसींचे काम पावसाच्या आधी उरका. रेबीजची लस तर हवीच, पण लेप्टोस्पायरोसिसचीही वेळेवर द्या. उंदीर आणि इतर जनावरांच्या मूत्रातून हा रोग साचलेल्या पाण्यात उतरतो आणि कुत्र्यालाही होतो, माणसालाही. कुत्रा पुराच्या पाण्यातून आला तर हातमोजे घालून त्याला स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडा करा, मगच मुलांना जवळ जाऊ द्या.

निघायची पिशवी

घरात थांबायची तयारी झाली. आता घर सोडायची. दाराजवळच्या खुंटीवर एक मजबूत पिशवी तयार असावी. तिच्यात एवढे असू द्या:

– तीन दिवसांचे खाणे, दोन पाण्याच्या बाटल्या, एक हलके भांडे.

– जास्तीचा गळपट्टा आणि साखळी. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर पक्क्या शाईने लिहिलेला हवा.

– कुत्र्यासाठी तोंडाला बांधायचे मुसके. आपला मोत्या गरीब असेल; पण गर्दीत, भीतीने गरीब कुत्राही चावतो.

– लसीकरणाच्या वहीची प्रत, महापालिकेचा परवाना असल्यास त्याची प्रत, आणि घरच्या माणसासोबत काढलेला प्राण्याचा फोटो. हरवला तर ओळख पटवायला हाच पुरावा. सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत.

– पशुवैद्य, नातेवाईक यांचे फोन नंबर एका कागदावर. मोबाईल बंद पडला की पाठ असलेले नंबर आपल्याला दोनच आठवतात. त्याच कागदावर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आणि जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हे नंबरही लिहून ठेवा.

– जुने टॉवेल, रद्दी वर्तमानपत्रे आणि घाण भरायला पिशव्या.

मांजरासाठी झाकणाची टोपली किंवा पिंजरा हवा. पण तो आयत्या वेळी काढलात तर मांजर पलंगाखाली जाऊन बसते आणि चौघांनी ओढूनही निघत नाही! टोपली महिनाभर आधीपासून खोलीत उघडी ठेवा, आत जुने लुगडे अंथरा, अधूनमधून खाऊ ठेवा. ती तिथे झोपू लागली की निम्मे काम झाले. टोपली नसलीच, तर उशीचा जाड सुती अभ्रा थोड्या वेळापुरता चालतो. कापडातून हवा खेळते. तिच्या मातीच्या पेटीची माती भिजली तर फाडलेली वर्तमानपत्रे किंवा लाकडाचा भुसा वापरता येतो.

आमच्या शाळेत उतरलेल्या एका कुटुंबाकडे अशी पिशवी तयार होती. कुत्रा व्हरांड्याच्या टोकाला बांधला, त्याचे भांडे त्याच्यापुढे, तोंडाला मुसके, खाली वर्तमानपत्र. सुरुवातीला कुरकूर करणारी मंडळी दुसऱ्या दिवशी गप्प झाली, तिसऱ्या दिवशी मुले त्याच्याभोवती गोळा झाली. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांच्या कुत्र्यांवरून मात्र रोज भांडणे. निवाऱ्यात प्राण्याला जागा मिळेलच असे नाही, म्हणून उंचावर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाशी किंवा मैत्रिणीशी आत्ताच बोलून ठेवा. आयत्या वेळचा “नाही” फार महाग पडतो.

पाखरे आणि मासे

बजरीगरसारख्या पाखरांसाठी राळे आणि बाजरी दोन आठवड्यांची, उन्हात वाळवून, कोरडी कडुनिंबाची पाने घालून बरणीत ठेवावी. समुद्रफेसाचा तुकडा आणि पिंजरा झाकायला एक पातळ चादर असावी. अंधार झाला की पाखरे शांत होतात. जाता जाता सांगते, आपला देशी पोपट पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तेव्हा त्याची बेगमी करायची वेळ कुणावर येऊच नये!

माशांना वीज गेली की हवा कमी पडते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा. वीज नसेल तोवर खाणे अगदी कमी करा. मोठे मासे दोन-चार दिवस सहज काढतात. उरलेल्या खाण्याने पाणी मात्र नासते.

सोडून जायची वेळ आलीच तर

देव करो आणि ती वेळ न येवो. पण बचाव पथकाने होडीत घेतलेच नाही, तर एक गोष्ट प्राण गेला तरी करू नका: प्राण्याला बांधून ठेवू नका. साखळी सोडा, पिंजऱ्याचे दार उघडा, गोठ्यात गुरे असतील तर दावी सोडा. बांधलेले जनावर पाणी चढताना जागच्या जागी बुडते. मोकळे जनावर पोहून, चढून स्वतःचा जीव वाचवू शकते. शक्य असेल तर कुत्र्या-मांजराला वरच्या मजल्यावर किंवा गच्चीच्या जिन्यावर न्या, दोन-तीन जड भांड्यांत पाणी आणि खाणे ठेवा, दारावर ‘आत प्राणी आहे’ असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि पथकाला तसे सांगून जा. विनाकारण प्राण्याला उपाशी-तहानलेला टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायद्याचे राहू द्या. खिडकीतून आपल्याकडे बघणारे ते डोळे विसरायला जन्म जातो, असे त्यातून गेलेल्या बायका सांगतात.

धोक्याच्या इशाऱ्याची वाट बघत बसू नका. प्राणी बरोबर असला की निघायला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त लागतो. म्हणून शेजारी दुसऱ्या फेरीत निघणार असतील, तर तुम्ही पहिल्या फेरीत निघा.

या रविवारी एवढेच

वाचून मासिक मिटू नका, भगिनींनो. या रविवारी दुपारची झाकपाक झाली की एक कागद घ्या. आपल्या प्राण्याचे वजन, रोजचे खाणे, लसींच्या तारखा लिहा. मुलांना कामाला लावा: एकाने फोटो काढायचा, एकाने गळपट्ट्यावर नंबर घालायचा, एकाने टोपली शोधून धुवायची. मुलांना अशी कामे फार आवडतात, आणि जबाबदारीही कळते. डबा मृगाच्या आधी भरायचा आणि दसऱ्याच्या साफसफाईत उघडून तपासायचा. ही दोन माणे लक्षात ठेवली की पुरे.

डबा भरताना मूठभर जास्तच घाला. आपल्या गल्लीतल्या त्या लंगड्या कुत्र्याला, मागच्या अंगणात व्यालेल्या मांजरीला कुणी यादीत धरलेले नसते. आपल्या घरची बेगमी नेहमीच अशी होती: चार माणसांसाठी करायची आणि पाचव्याला पुरवायची!